कोविडची साथ आणि गावची आरोग्यसेवा : जुन्नर-आंबेगावच्या अनुभवातून कुटुंबांसाठी धडे

९ मार्च २०२० रोजी पुण्यात महाराष्ट्रातले पहिले कोविड रुग्ण सापडले. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागली. पुणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाचे जुन्नर आणि आंबेगाव हे तालुके तेव्हा सुरुवातीला लांब वाटत होते. पण साथ तिथेही पोचली. गावोगावी तिच्याशी सामना केला तो आशाताई, आरोग्यसेविका, अंगणवाडीताई आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कर्मचाऱ्यांनी. त्यांच्या कामातून निघणारा मुख्य धडा एकच आहे. आजार लपवला की उपचाराचे मोलाचे दिवस वाया जातात. आणि माणूस आजार उघड करतो तो ज्याच्यावर विश्वास आहे त्याच्याकडेच.

हा भाग कसा आहे?

पूर्वेला नारायणगाव, मंचर, आळेफाटा ही महामार्गावरची, बाजारपेठेची गावे आहेत. इथे माणसांची ये-जा सतत असते. पश्चिमेला आपटाळे, तळेघर, भीमाशंकरकडचा डोंगराळ भाग आहे. तिथे महादेव कोळी व इतर आदिवासी समाजाच्या विखुरलेल्या वाड्या आहेत. पावसाळ्यात रस्ते खराब होतात, फोन लागेलच असे नसते.

या तालुक्यांतली अनेक कुटुंबे पोटासाठी मुंबईत राहतात. मुंबईचे अनेक डबेवालेही याच भागातले. टाळेबंदीत काम थांबल्यावर हे लोक गावी परतले. त्यामुळे मुंबईची साथ आणि गावची वाडी यांत फारसे अंतर उरले नाही.

जुन्नर, नारायणगाव आणि घोडेगाव येथे ग्रामीण रुग्णालये, तर मंचरला उपजिल्हा रुग्णालय आहे. साथीत लेण्याद्री, अवसरी खुर्द अशा ठिकाणी कोविड केंद्रे उभी राहिली. तरीही अतिगंभीर रुग्णाला पुण्याला न्यायचे तर मंचरहून सुमारे ६० किलोमीटर आणि जुन्नरहून सुमारे ९० किलोमीटर अंतर पडते. म्हणून इथे आजार लवकर ओळखण्याला जास्त महत्त्व आहे.

कोणी काय काम केले?

- आशाताई : घरोघरी जाऊन ताप, खोकला, दम यांची चौकशी, बाहेरगावाहून आलेल्यांची नोंद. साधारण १००० लोकवस्तीमागे एक आशा असते. सप्टेंबर २०२० मध्ये सुरू झालेल्या ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत तापमान आणि ऑक्सिजन तपासण्याचे कामही आले.
- आरोग्यसेविका व आरोग्यसेवक : तपासणी, संपर्कातल्या लोकांचा शोध, पुढे लसीकरण.
- अंगणवाडीताई : सर्वेक्षणाला मदत आणि लहान मुले व गरोदर बायांचा आहार घरपोच.
- शिक्षक, ग्रामपंचायत कर्मचारी, पोलीस पाटील : शाळांमधले विलगीकरण, किराणा व औषधांची सोय.

त्यांना काय सोसावे लागले?

सुरुवातीला मास्क आणि सॅनिटायझर पुरेसे नव्हते. ‘तुम्हीच आजार घेऊन येता’ असे म्हणून काही ठिकाणी दार लावले गेले. घरी लहान मूल किंवा म्हातारी सासू असेल तर संसर्गाची भीती वेगळीच. आशाताईंना तेव्हा ठरलेला पगार नव्हता, मुख्यतः कामावर आधारित मोबदला मिळत होता. वाढीव कामाच्या मानाने तो फार कमी होता. म्हणून जून २०२१ मध्ये राज्यातल्या आशांनी संप केला. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा गौरव केला. गौरव योग्यच, पण थकवा, झोप न लागणे, सतत काळजी हे त्रासही खरे आहेत. त्यावरही उपचार लागतात.

साथीने शिकवलेल्या पाच गोष्टी

१. लपवलेला ताप घरालाच महागात पडतो. ‘शाळेत ठेवतील’, ‘गावात नाव होईल’ या भीतीने लोक ताप सांगत नसत. मग म्हाताऱ्या माणसाला दम लागल्यावरच धावाधाव व्हायची. जिथे आशाताईने रुग्णाचे नाव चारचौघांत घेतले नाही आणि रोज विचारपूस केली, तिथे लोक लवकर बोलते झाले.

२. दम लागायच्या आधीच ऑक्सिजन कमी होऊ शकतो. काही कोविड रुग्ण नीट बोलत असत, पण ऑक्सिमीटर ९० च्या खाली असे. म्हणून मोजणे महत्त्वाचे. हात गार असेल किंवा नखाला रंग असेल तर आकडा चुकतो. हात चोळून गरम करा, शांत बसा आणि एक मिनिट थांबून आकडा वाचा.

३. औषधाचा हट्ट धरू नये. एप्रिल-मे २०२१ मध्ये नातेवाईक रेमडेसिव्हिरसाठी गावोगाव फिरले. ते प्रत्येक रुग्णाला गरजेचे नव्हते. स्टिरॉइडमुळे ऑक्सिजनवरच्या रुग्णांचे जीव वाचले, पण ऑक्सिजन चांगला असताना ते घेतल्यास फायदा नाही, उलट अपाय होऊ शकतो. मधुमेह असेल तर साखर वाढते आणि काळ्या बुरशीचा धोकाही वाढतो.

४. बाकीचे आजार साथीसाठी थांबत नाहीत. बाळंतपण, सर्पदंश, बिबट्याचा हल्ला, क्षयरोग, रक्तदाब हे सगळे चालूच असते. कोविडच्या भीतीने दवाखाना टाळल्यानेही नुकसान झाले. क्षयरोगाच्या गोळ्या आणि बाळाच्या लसी साथीतही चुकवू नयेत.

५. अफवा ओळखीच्या माणसाच्या शब्दाने थांबते. मे २०२० मध्ये टोमॅटोच्या रोगाने माणूस आजारी पडतो अशी बातमी पसरली. नारायणगावसारख्या टोमॅटोच्या बाजारपेठेला ही भीती परवडणारी नव्हती. झाडांच्या अशा विषाणूंनी माणसाला आजार होत नाही. पुढे लसीबद्दलही अफवा आल्या. आरोग्य कर्मचाऱ्यांना १६ जानेवारी २०२१ पासून लस मिळाली होती. ‘मी घेतली, मला एक दिवस ताप आला, मग बरी झाले’ हे आशाताईचे सांगणे भिंतीवरच्या फलकापेक्षा जास्त पटते.

घरची तयारी

- घरातले ६० वर्षांपुढचे, मधुमेही, रक्तदाबाचे, दम्याचे रुग्ण आणि गरोदर बाई यांची माहिती आशाताईला आधीच द्या.
- रोजची औषधे महिनाभर पुरतील इतकी ठेवा. जुने कागद आणि औषधांची नावे एका पिशवीत ठेवा.
- थर्मामीटर घरात हवा. ऑक्सिमीटर वाडीत दोन-चार घरांत मिळून एक असला तरी चालेल.
- तापाचा पहिला दिवस कॅलेंडरवर लिहा. डॉक्टरांना ही तारीख उपयोगी पडते.
- रात्री गाडी कोण देईल हे आधी ठरवा. फोन लागत नसेल तर तो वाडीत कुठे लागतो हे घरातल्या सर्वांना माहीत हवे.
- प्रवास, संपर्क आणि आधी घेतलेली औषधे खरी सांगा.

१०८ ला लगेच फोन केव्हा करावा?

- ऑक्सिजन ९४ पेक्षा कमी दाखवत असेल. पुन्हा मोजूनही तेच आल्यास वाट पाहू नका.
- बोलताना किंवा दोन पावले चालताना दम लागतो.
- छातीत सतत दुखते किंवा दाब वाटतो.
- रुग्ण गोंधळल्यासारखा बोलतो, जागा होत नाही, ओठ निळसर दिसतात.

तीन दिवसांत ताप उतरला नाही तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. लहान मूल, गरोदर बाई, म्हातारे माणूस किंवा मधुमेही असेल तर पहिल्याच दिवशी दाखवा.

साथ नसतानाही आशाताई दारावर येते. तेव्हा तिला बसायला सांगा, पाणी द्या, घरातल्या आजारांची खरी माहिती द्या. हीच ओळख पुढच्या साथीत तुमच्या रुग्णाचे दोन दिवस वाचवील.