पिकअपला जादा पाटा टाकताय? मग स्टेअरिंगही बघा
ऊस, कांदा भरून पाणंदीतून गाडी काढायची म्हणून पिकअपच्या मागच्या कमानीत जादा पाटा टाकतात. गाडी बसत नाही, हे खरं. पण मागची बाजू उचलली की पुढच्या चाकांचा कोन बदलतो; रिकामी गाडी उडते आणि वळणानंतर स्टेअरिंग आपोआप सरळ येत नाही. म्हणून आधी टाय रॉड एंडचा ढिलेपणा काढा, मगच अलाइनमेंट करा. ढिल्या सांध्यांवर केलेलं अलाइनमेंट म्हणजे पैसे पाण्यात. शंभरेक किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्या. गळका शॉकअप जोडीनेच बदला.
आणि पाटा वाढला तरी ब्रेक तेच, आरसीवरचं वजनही तेच! ओव्हरलोडला कलम १९४ खाली २० हजार रुपये दंड, वर प्रत्येक जादा टनाला २ हजार.