टोपलीतला नाग दूध का पीत असे?

जळगाव-धुळ्याकडे नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. त्याआधी, काही दशकांपूर्वीपर्यंत, दारोदार गारुडी येत. टोपलीचे झाकण निघे, नाग फणा काढून डोले आणि वाटीतले दूधही पिई. पाहणाऱ्यांना तो नागाचा स्वभाव वाटे. वस्तुतः त्या वागण्यात भीती होती, तहान होती आणि पुष्कळदा आजारही होता.

‘गारुडी’ हा शब्द गरुडावरून आला. संस्कृतातला गारुडिक म्हणजे विष उतरवणारा. पुढे हा वैद्य खेळवाला झाला, आणि खेळासाठी साप गरीब हवा म्हणून त्याचे विषदंत मोडण्याची रीत पडली. विषदंतांमागे राखीव दात असतात. ते पुढे सरकतात, म्हणून मोडणे पुनःपुन्हा चाले. जखमा चिघळत, तोंड सडू लागे, साप खाणे सोडी. असा साप ‘माणसाळला’ असे लोक समजत!

दुधाचेही तसेच. साप पूर्ण मांसाहारी आहे, दूध त्याला पचत नाही. पण सणाआधी कित्येक दिवस पाण्यावाचून कोंडलेला साप समोर येईल तो द्रव पितो. त्याच्या श्वासनलिकेचे तोंड जबड्यात बरेच पुढे असते. बळजबरीने पाजलेले दूध फुप्फुसात जाऊ शकते. सापाला श्वासपटल नाही, आपल्यासारखे खोकताही येत नाही. मग तो मान उंचावून, तोंड उघडे ठेवून श्वास घेतो. भाविकांना तो ऐटदार दिसे.

डोलणे मात्र रोगाचे नव्हे. नाग हलत्या पुंगीवर नजर ठेवून बचावाचा पवित्रा घेतो. ‘साप बहिरा असतो’ हे आपण वर्गात सांगत आलो, त्यात थोडी दुरुस्ती हवी. डेन्मार्कमधील संशोधकांनी २०१२ साली अजगरांच्या एका जातीवर प्रयोग केले. खालच्या पट्टीच्या आवाजाने सापाची कवटी कंप पावते आणि तो कंप आतल्या कानाला जाणवतो, असे त्यांना आढळले.

सापाचे वागणे नीट वाचायची गरज पडली ती साप जिवंत ठेवायचा झाला तेव्हा. तमिळनाडूत १९७८ साली इरुळा आदिवासींची सहकारी संस्था निघाली. तिथे विष काढून, पोटाच्या खवल्यावर खूण करून साप पुन्हा रानात सोडतात. पुण्यात नीलिमकुमार खैरे १९८० साली ७२ सापांसोबत ७२ तास राहिले. डिवचल्याशिवाय साप चावत नाही, हे लोकांनी पाहिले.

परदेशात घरी बोआ पाळतात. त्यांच्यात मान उलटी वळवून वर पाहत राहण्याचा एक रोग होता. कारण दीर्घकाळ सापडत नव्हते. एका मालकिणीच्या पत्रावरून कॅलिफोर्नियात शोध सुरू झाला आणि २०१२ साली त्यामागचे विषाणू हाती लागले.

सापाचे डोळे निळसर-धुरकट दिसले, त्याने खाणे सोडले, तो चिडका झाला, तर घाबरू नये. जुन्या व नव्या कातडीमध्ये द्रव साचलेला असतो. डोळे पुन्हा स्वच्छ होतात आणि काही दिवसांत साप कात टाकतो. तोवर त्याला हात लावू नये. उघडे तोंड, लाळ, सुजलेला जबडा ही मात्र पशुवैद्याकडे नेण्याची लक्षणे.

आपल्याकडचा नाग घरी वा शाळेत ठेवणे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. टोपलीतला साप दिसल्यास दया म्हणूनही तो विकत घेऊ नये. दुसरा पकडला जातो. वनखात्याला कळवावे, आणि त्यांचे लोक येईपर्यंत टोपली सावलीत राहील एवढे पाहावे. खानदेशातले ऊन बंद टोपलीतल्या सापाला फार काळ सोसत नाही.