हिरवा फ्लास्क रातोरात फिका का पडतो?

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी माझ्या हातून एक फ्लास्क गेला. संध्याकाळी छान पोपटी दिसणारं एकपेशीय शैवालाचं कल्चर सकाळी येऊन पाहते, तर ताकावरच्या पाण्यासारखं फिकट. लॅबमधली सिनियर ताई म्हणाली, "क्रॅश झालं गं, ओतून दे." मी ब्लीच घातलं, ओतून दिलं आणि वहीत तारखेपुढे 'क्रॅश' एवढाच शब्द लिहिला. का झालं, हे काही शोधलं नाही.

आता तो 'क्रॅश' मला छळतो, कारण तेव्हापासून मी शैवालांच्या विषाणूंचा इतिहास वाचते आहे. हा इतिहास म्हणजे, खरं सांगायचं तर, असे फिके पडलेले फ्लास्क ज्यांनी ओतून दिले नाहीत त्यांची गोष्ट आहे.

पृथ्वीवरच्या एकूण प्रकाशसंश्लेषणापैकी साधारण निम्मं काम समुद्रातले सूक्ष्मजीव करतात, आणि त्यात शैवालांचा वाटा मोठा. मग ही शैवालं मरतात कशी? बराच काळ पुस्तकांत दोनच उत्तरं असायची: कुणीतरी त्यांना खातं, नाहीतर ती तळाशी जातात. आजारी पडून मरत असतील, हा रकाना हिशोबात नव्हताच.

१९६३ मध्ये साफरमन आणि मॉरिस या अमेरिकन संशोधकांनी सांडपाण्याच्या तळ्यातून 'शैवालाचा विषाणू' वेगळा केला. १९६७ मध्ये आपल्याकडे आर. एन. सिंग आणि पी. के. सिंग यांनी भारतातून तसेच विषाणू मिळाल्याचं 'नेचर'मध्ये छापलं. पण यजमान होतं निळं-हिरवं शैवाल, आणि ते पुढे जीवाणूंच्या घरात गेलं. विषाणू होता तोच. यजमानाची जात बदलल्यामुळे तो जीवाणूंचा विषाणू झाला.

खऱ्या शैवालांची माझी आवडती गोष्ट नेब्रास्का विद्यापीठातली. तिथे रसेल माइन्ट्स हिरव्या हायड्रावर काम करत होते. शाळेत चित्र काढलेला हायड्रा आठवतोय ना? त्याचाच हा भाऊ. याच्या पेशींमध्ये क्लोरेलासारखी हिरवी शैवालं राहतात, साखर बनवतात आणि घरभाडं म्हणून त्यातली थोडी हायड्राला देतात. अडचण एवढीच, की ही शैवालं हायड्राबाहेर काढली की वाढायचीच नाहीत. एका दिवसात पेशी फुटून सगळा खेळ संपायचा. यावर सोपा निष्कर्ष होता: बाहेरचं माध्यम मानवत नाही, सोडून द्या. पण इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली त्या मरणाऱ्या पेशींमध्ये बहुकोनी कण खच्चून भरलेले दिसले. वनस्पतिरोगशास्त्राच्या विभागातले जेम्स व्हॅन एटन या कामात होते. १९८१ मध्ये त्यांचा निबंध आला: हा विषाणू आहे.

हायड्राच्या पोटात असेपर्यंत शैवाल सुखरूप. बाहेर पडलं की काही तासांत विषाणूच्या तावडीत. जपानमध्ये कावाकामी यांनी १९७८ मध्येच पॅरामेशियममधल्या शैवालांत असंच काही पाहिलं होतं. नेब्रास्काच्या गटाला पुढे पॅरामेशियमचीच मदत झाली, कारण त्यातलं एक क्लोरेला बाहेर स्वतंत्रपणे वाढवता येत होतं. यजमान मिळाला, तसा विषाणूही हातात आला. १९८३ पर्यंत शैवालाच्या हिरव्या थरावर पडणारी फिकी वर्तुळं मोजून विषाणू मोजता येऊ लागले.

आणि हा विषाणू केवढा मोठा! पोलिओच्या विषाणूचा जनुकसंच साधारण साडेसात हजार अक्षरांचा. याचा तीन लाख तीस हजारांच्या वर. व्यास सुमारे १९० नॅनोमीटर. जीवाणू अडवायला आपण सर्रास वापरतो त्या गाळणीची छिद्रं २०० नॅनोमीटरची. म्हणजे हा जेमतेम निसटतो, आणि गाळणी जरा चोंदली की तोही नाही. 'गाळणीतून जातो तो विषाणू' ही जुनी सवय इथे किती महागात पडू शकते बघा.

समुद्राकडे वळू. मायक्रोमोनास या इवल्याशा शैवालाला मारणारा विषाणू मेयर आणि टेलर यांनी १९७९ मध्येच 'नेचर'मध्ये मांडला होता. फारसं कुणी हललं नाही. मग १९८९ मध्ये नॉर्वेतल्या बर्गनच्या गटाने विषाणू वाढवून मोजण्याऐवजी पाण्यातले कण थेट इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली मोजले: एका मिलिलिटरमध्ये २५ कोटींपर्यंत! यातले बहुतेक जीवाणूंचे असणार, पण आकडा इतका मोठा होता की प्रश्न टाळणं शक्य नव्हतं. पुढच्याच वर्षी कर्टिस सटल, एमी चॅन आणि मॅथ्यू कॉट्रेल यांनी समुद्रातले विषाणू आटवून परत शैवालांच्या पाण्यात घातले, तर प्रकाशसंश्लेषणाने होणारं उत्पादन जास्तीत जास्त ७८ टक्क्यांनी घसरलं. हा आकडा समुद्राचा रोजचा खर्च म्हणून वाचू नका हं; विषाणू मुद्दाम जास्त घातले होते. पण हिशोबात तिसरा रकाना आला तो इथून. १९९३ मध्ये नॉर्वेच्याच फ्योर्डमध्ये एमिलियानिया हक्सलीची वाढ विषाणूंनी संपवलेली दिसली. हे तेच शैवाल, ज्याच्या चुन्याच्या चकत्यांमुळे समुद्र उपग्रहातून दुधी दिसतो.

हायड्राचं कोडं मात्र मनात राहतं. शैवाल घरात सुरक्षित असेल, तर विषाणूचं पोट कसं भरतं? २०१६ मध्ये व्हॅन एटन ज्या गटात होते त्याने एक उत्तर दिलं. कोपेपॉड हे बारीक कवचधारी जीव पॅरामेशियम खातात. आतली शैवालं सगळी पचत नाहीत, काही विष्ठेतून जिवंत बाहेर येतात, आणि बाहेर विषाणू वाट पाहतच असतो. कोपेपॉडनी भरलेल्या भांड्यांत विषाणूंची संख्या झपाट्याने वाढली.

गेल्या महिन्यात माझा आणखी एक फ्लास्क फिका पडला. या वेळी निम्मं पाणी ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून काढून फ्रिजमध्ये ठेवलंय, आणि त्यातले दोन थेंब एका ताज्या हिरव्या फ्लास्कमध्ये टाकलेत. अजून तो हिरवाच आहे.