देवाचे शेत

मागच्या व्याख्यानात आपण सॉक्रेटिसपाशी थांबलो होतो. तत्त्वज्ञान हा मरणाचा सराव आहे, असं तो मानत असे. आम्ही वर्षानुवर्षे हे वर्गात शिकवले. आता सत्तरी उलटल्यावर सांगताना आवाज जरा खाली येतो. आज हाच सराव ख्रिस्ती श्रद्धेने एका अख्ख्या गावाने कसा केला, ते पाहू.

जर्मनीत सॅक्सनी प्रांतात हेर्नहूट नावाचे गाव आहे. धर्मछळामुळे मोराव्हियातून पळून आलेल्या लोकांनी १७२२ मध्ये सरदार त्सिन्झेंडॉर्फच्या जमिनीवर ते वसवले. १७३२ च्या ईस्टरला तिथले काही तरुण पहाटे टेकडीवरच्या दफनभूमीत गेले आणि गाणी म्हणत त्यांनी सूर्योदयाचे स्वागत केले. ही प्रथा आजही चालू आहे. दफनभूमीला ही मंडळी 'देवाचे शेत' म्हणतात. शेतच, कारण पेरलेले उगवणार हा विश्वास! कबरींवरचे दगड साधे, सपाट, आडवे ठेवलेले. घराण्यांचे वेगळे कोपरे नाहीत. पुरुष एकीकडे, स्त्रिया दुसरीकडे. अपवाद त्सिन्झेंडॉर्फ घराण्याच्या उंच कबरींचा. असो, माणसंच ती.

आम्हाला सर्वांत मोलाची वाटते ती त्यांची दुसरी चाल. प्रत्येकाने जिवंतपणी आपले चरित्र लिहायचे आणि ते अंत्यविधीला वाचले जायचे. सुतार, धोबीण, पाद्री, सगळ्यांचे. आता स्वतःचे मरण काही स्वतःला लिहिता येत नाही. म्हणून शेवटचे आजारपण दुसरा कोणी लिहितो, आणि 'मी' म्हणत चाललेला मजकूर मध्येच 'तो' किंवा 'ती' होतो. अशी हजारो चरित्रे हेर्नहूटच्या संग्रहात आहेत. मृत्यू म्हणजे काय, हे व्याकरणाने इतके स्वच्छ दाखवलेले आम्ही दुसरीकडे पाहिले नाही.

पण गोष्ट इथे संपवली तर ती खोटी होईल. याच पंथाने अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनात सेलम गाव वसवले. तिथे १७७२ पासून पहाटेची ईस्टर प्रार्थना होते. तिथे गुलामही होते, खुद्द चर्चच्या मालकीचे. सुरुवातीला कृष्णवर्णीय सभासद गोऱ्यांच्याच शेतात पुरले जात. १८१६ मध्ये त्यांची दफनभूमी वेगळी केली. १८९० मध्ये तिथल्या काही कबरींवरच चर्चचे वाढीव बांधकाम उभे राहिले. पुढे दगडही उचलले गेले. १९९० च्या दशकात उत्खनन झाले, तेव्हा ते चर्चच्या जमिनीखाली सापडले.