चुलीपुरती खोली

लहान स्वयंपाकघरात जागा कशी काढावी, असं आज कुणी विचारलं तर उत्तर बहुधा कपाटांतच सापडतं. कोपऱ्यात फिरती ट्रॉली बसवा, ओट्याखाली खण करा, छतापर्यंत शटरं चढवा. स्वयंपाकाचं सगळं काम आणि सगळं सामान एकाच खोलीत मावलं पाहिजे, हे यात धरून चाललेलं असतं. मालवण किनाऱ्यावरच्या जुन्या घरांनी ते कधी धरलंच नव्हतं. मालवण, देवबाग, आचरा, वेंगुर्ला या पट्ट्यात कुळाच्या किंवा मासेमारी करणाऱ्या गाबिताच्या साध्या घरात रांधायची खोली लहान असे, काळोखीही असे. तरी तिच्यातून घरच्या सगळ्या माणसांची पेज, भात आणि माशाचं निस्त्याक रोज वेळेवर निघे. याचं श्रेय खोलीच्या आतल्या मांडणीला थोडं आणि खोलीबाहेर धाडलेल्या कामांना फार आहे, असं माझं म्हणणं आहे.

ही बाहेरची कामं एकदा नीट पाहायला हवीत. मासे साफ व्हायचे मागीलदारी, विहिरीच्या किंवा माडाच्या बाजूला. खवलं-पोट तिथेच मातीत जाई आणि धुतलेलं पाणी माडाला किंवा केळीला मिळे. भात उकडायचं तेही अंगणातल्या तीन दगडांच्या चुलीवर, मोठ्या भांड्यात. मग ते खळ्यात वाळत पडे. कांडायचं व्हायन पडवीत किंवा माजघराच्या कडेला जमिनीत पुरलेलं असे. आंघोळीचं पाणी न्हाणीतल्या स्वतंत्र चुलीवर तापे. वैशाखात मिरच्या, सोलं, आमसुलं, सुंगटं, बांगडे हे सगळं उन्हाला खळ्यात किंवा वाळूवर. रांधायच्या खोलीकडे उरायचा तो विस्तव आणि विस्तवाजवळच व्हायला हवी अशी दोन-चार कामं. खोली लहान ठेवण्यामागे कारणही होतं. इथे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. गवताच्या, झापांच्या किंवा नळीच्या कौलांच्या छपराखाली जळण कोरडं ठेवायचं आणि आग आवाक्यात ठेवायची, तर तिच्याभोवती भिंती जवळ हव्यात. मंगळूरला बासेल मिशनने 1865 साली कौलांचा कारखाना काढला. त्या धर्तीची चपटी कौलं पुढे किनाऱ्याने वर आली आणि छपरं उंच, भक्कम झाली. चुलीची खोली मात्र त्या प्रमाणात वाढली नाही. वाढवायची गरज कुणाला वाटली नाही, याचा मला दिसणारा अर्थ असा की अडचण जागेची नव्हतीच.

उरलेल्या चार हातांत मात्र एकही वीत वाया जात नसे. मातीची चूल, तिला जोडून वैल: एकाच जाळावर पुढे भात शिजतो आणि मागच्या तोंडावर आमटी किंवा पेज नुसती गरम राहते. चुलीमागचा भानवस म्हणजे उतरलेलं भांडं टेकवायची जागा. भिंतीत कोनाडे, त्यांत मीठ-हळद-दिवा. डोक्यावर काथ्याच्या दोरीचं शिंकं, म्हणजे दुधा-दह्याला मांजर आणि मुंगी दोन्हींपासून सुटका. त्याहून वर माळा, आणि तेच खरं कोठार. चुलीचा धूर कौलांच्या फटींतून बाहेर जाताना वाटेत माळ्यावरच्या सामानाला चाटून जाई. सुकी मासळी, बियाण्याचं कणीस आणि छपराचे वासे या धुराने कोरडे राहत, त्यांना कीड लागत नसे. पेंढ्यात बांधलेली भाताची मुडी, वाशाला दोरीने टांगलेली तवशी आणि कोहळे, वर्षातून दोन-चारदा लागणारा शेवयांचा, म्हणजे शिरवाळ्यांचा, लाकडी साचा, सगळं वर. रोज लागणारं हाताशी आणि चार महिन्यांची बेगमी डोक्यावर, एवढा एकच नियम होता.

आडाळ्याचं, म्हणजे विळीचंच पाहा. एक फळी, तिच्यावर वाकडं पातं, पात्याच्या टोकाला नारळ खवायची दातेरी चकती. बाई फळीवर बसली की तिच्या वजनानेच अवजार पक्कं रुतून राहतं. बसल्या जागी मासा कापा, भेंडी चिरा, मग नारळ खवा. खाली ठेवलेल्या ताटात खोबरं पडत जातं. आज याच कामांना सुरी, कटिंग बोर्ड, खवणी आणि ही सगळी ठेवायला एक खण लागतो. शेणाने सारवलेली जमीन हीच कामाची जागा होती, त्यामुळे ओटा नाही, टेबल नाही, खुर्ची नाही. पाटावर बसून अर्धं वळलं की वाटप, पाणी, चूल आणि जळणातली सोडणं हाताच्या टप्प्यात.

इथे जाणकार वाचक फ्रँकफर्टचा दाखला देईल. मार्गारेटे श्युट्टे-लिहोत्स्की या वास्तुरचनाकार स्त्रीने 1926 साली फ्रँकफर्टच्या कामगार वसाहतींसाठी 1.9 मीटर रुंद, 3.4 मीटर लांब असं स्वयंपाकघर आखलं. आगगाडीच्या भोजनडब्यातल्या मुदपाकखान्याचा तिने अभ्यास केला होता, पावलं मोजून मांडणी केली होती, आणि अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं तिथे बांधली गेली. आजच्या मॉड्युलर किचनचं मूळ तिथे आहे. मग सगळं आत मावतं, हे सिद्ध झालं ना? मला तसं वाटत नाही. त्या खोलीत पाव भाजायचा नव्हता, तो बेकरीतून येई. धान्य कांडायचं नव्हतं, नळ होता, बटण फिरवलं की शेगडी पेटे. म्हणजे तिथेही लहान असण्याची किंमत बाहेर कुणीतरी मोजतच होतं. मागीलदाराच्या जागी अख्खं शहर उभं होतं. त्यातली हुशारी नाकारण्याचं कारण नाही, पण तिचं सगळं श्रेय खणांना देणं चुकीचं आहे.

कामं खोलीबाहेर धाडण्याचं हे तत्त्व मालवणी माणसाने मुंबईत स्वतःवरच आजमावून पाहिलं. कापडगिरण्यांच्या काळात जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातून, ज्यातून 1 मे 1981 रोजी सिंधुदुर्ग वेगळा झाला, हजारो माणसं परळ-लालबाग-वरळीत गेली. 1920 च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींच्या 207 इमारतींत एकेक खोली 160 चौरस फुटांची. त्यात झोपायचं, बसायचं, पाहुणा उतरवायचा आणि एका कोपऱ्यात रांधायचं. कोपरा पुरला, कारण गावातली युक्ती शहरात दुसऱ्या रूपाने चालू राहिली. दळण गिरणीत, मसाला डंकावर, निवडणं-टिपणं गॅलरीत, शेजारणीशी बोलताबोलता. कुळथाची पिठी, सोलं, सुकी मासळी, उकडे तांदूळ गावाहून आगबोटीने आणि पुढे एसटीने येत. चाळीतल्या खोलीला कोठाराची गरज कमी होती, ते गावच्या माळ्यावर होतं. एकट्या पुरुषांनी तर स्वयंपाकघरच खोलीबाहेर ठेवलं: गावमंडळाच्या खोलीत अंथरूण आणि पेटी, जेवण खानावळीत. ती खानावळ बहुतेक वेळा अशाच एका खोलीत राहणारी बाई चालवी. तिच्याकडे पंगती पाळीने उठत, गिरणीच्या पाळ्यांप्रमाणेच. जागा नव्हती तिथे वेळ कामाला लावला होता. प्रेमा पुरव यांनी 1975 साली या खानावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. तोवर या खोल्यांना उद्योग म्हणून कुणी मोजलंही नव्हतं.

आता आक्षेप. पहिला आणि सगळ्यात जड आक्षेप असा की हे सगळं बायकांच्या पाठीवर आणि फुप्फुसांवर उभं होतं. तो खरा आहे. ज्या धुराने वासे टिकले त्याच धुराने डोळे गेले आणि छातीची दुखणी लागली. विहिरीवरून रांधपात आणि रांधपातून खळ्यात दिवसभराची ये-जा ज्यांनी केली त्यांना कुणी पावलं मोजून दिली नाहीत. गॅस आणि नळ आले ते बरंच झालं, आणि चुलीचे गोडवे गाणारं लेखन बहुधा चुलीपुढे न बसलेल्यांचं असतं. पण धूर हा चुलीचा दोष होता. मासे बाहेर धुणं, ओलं काम विस्तवापासून लांब ठेवणं, हंगामी सामान वर टांगणं यांत तो नव्हता. गॅस आला म्हणून मागीलदार बंद करण्याचं कारण नव्हतं. दुसरा आक्षेप सोवळ्याचा: खोली आत, कोपऱ्यात आणि बंद असे ती विटाळाच्या भीतीने, त्यात रचनेचा विचार कसला? काही घरांत हे होतंच. तरी सोवळ्याचं फार न पाळणाऱ्या गाबिताच्या वाडीतही मासळी बाहेर आणि विस्तव आत हीच विभागणी दिसते, तेव्हा सोवळं हे एकमेव कारण ठरत नाही. तिसरा आक्षेप, की ज्याला परवडे तो मोठंच स्वयंपाकघर बांधी. बांधी, पण खोतांच्या किंवा देसायांच्या वाड्यातली मोठी खोली श्राद्ध-लग्नाच्या पंगतींसाठी होती. लग्नाचं मोठं रांधप तर त्यांच्याकडेही मांडवात, चर खणूनच होई.

गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत यातलं काय गेलं, ते कुडाळ-कणकवलीच्या नव्या इमारतींत दिसतं. उभ्याचा ओटा आला, मिक्सरने पाटा घालवला, फ्रिजने शिंकं. स्लॅब आला तेव्हा माळा संपला. खोलीचं क्षेत्रफळ फारसं बदललं नाही, फक्त तिच्याभोवतीची पडवी, खळा, न्हाणी आणि माळा कापले गेले. आणि मग ती लहान वाटू लागली. तारकर्लीला पर्यटकांची न्याहारी-जेवणं करणाऱ्या घरांत मात्र आत गॅस आणि मागे पत्र्याखाली चूल अशी दुहेरी सोय अजून आहे, कारण वीस माणसांचे बांगडे आत धुणं आणि तळणं कुणाला जमत नाही. शहरी नकाशात मागीलदाराचा उरलेला तुकडा म्हणजे स्वयंपाकघरामागची ड्राय बाल्कनी, तीन-चार फूट रुंदीची, नळ आणि उतार असलेली. बिल्डर ती जाहिरातीत मोजतो, गिऱ्हाईक ताबा मिळताच तिला जाळी लावून, काच बसवून आणखी एक कपाट करतो, आणि नारळ पुन्हा ओट्यावर, मासे पुन्हा सिंकमध्ये येतात. लहान स्वयंपाकघराची फेररचना करायला बसलेल्याने पहिला खर्च ट्रॉलीवर करू नये. त्या बाल्कनीतली काच काढावी, खाली एक मोरी आणि बसायला पाट ठेवावा, आणि वर्षातून दोनदा लागणारी भांडी दाराच्या वरच्या पोटमाळ्यावर चढवावीत. खर्चही कमी येतो.