गर्दी नको, थंड हवा हवी? मग तोरणमाळला चला, पण आधी हे वाचा

मे महिना आला की महाबळेश्वरच्या घाटात गाड्यांच्या रांगा लागतात, खोल्यांचे भाव दुप्पट होतात. खान्देशातल्या माणसाला एवढ्या लांब जायची गरज नाही. आपल्या नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्यात तोरणमाळ आहे. उंची साधारण 1,150 मीटर, शहाद्याहून अंतर 50-55 किलोमीटर. म्हसावद, राणीपूर मागे टाकलं की सात पायऱ्यांचा घाट सुरू होतो.

थंडीचा हिशोब मात्र नीट समजून घ्या. हजार मीटर वर गेलं की हवा साधारण 6 अंशांनी उतरते. म्हणजे खाली 43 असेल तर वर 37 च्या आसपास. भर दुपारी वरही ऊन लागतंच. खरी मजा पहाटेची आणि रात्रीची, त्यामुळे सकाळी जाऊन संध्याकाळी परत येण्यात अर्थ नाही. मुक्कामाची सोय फोनवर आधी पक्की करूनच निघा, वर पर्याय मोजकेच आहेत.

यशवंत तलावात उन्हाळ्यातही पाणी असतं. काठावर निवांत बसता येतं, जवळच गोरखनाथांचं मंदिर आहे. सीताखाईची दरी बघण्यासारखी, पण फोटोतला धबधबा मे महिन्यात शोधू नका, तो पावसाळ्यातला. महाशिवरात्रीला इथे मोठी यात्रा भरते. शांतता हवी असेल तर ते दिवस टाळा.

उन्हाळ्यात धडगाव, तोरणमाळ भागात आणखी एक गोष्ट बघायला मिळते, जी पर्यटनाच्या जाहिरातीत नसते. आमचूर. घराघरांत कैऱ्या सोलून, फोडी करून उन्हात वाळत घातलेल्या असतात. अख्खं घर त्यात गुंतलेलं असतं, आणि वर्षाच्या रोख पैशाचा मोठा आधार तोच. घ्यायचा तर थेट घरून घ्या. घासाघीस करण्याआधी एक किलो आमचूर व्हायला कैऱ्या किती लागतात ते तिथेच विचारा. फोटो काढतानाही विचारूनच काढा.

पाड्यांवर याच दिवसांत पाण्याची ओढाताण असते, बायका डोक्यावर हंडे वाहतात. म्हणून पिण्याचं पाणी घरून भरून न्या आणि हातपंपावर गाडी धुऊ नका. (असे महाभाग असतात.) जंगल वाळलेलं असतं, बिडी-सिगारेटचं थोटूक किंवा चूल विझवल्याशिवाय सोडू नका.

पेट्रोल शहाद्यातच भरा. रोख पैसे जवळ ठेवा, कारण रेंज गेली की फोनवरून पैसे देता येत नाहीत. घाट उजेडात चढा.