आंबट, तांबे आणि कलई

दिवाळीच्या अंकात उन्हाळ्याच्या पेयांवर लिहायला बसावे हे जरा अवेळीच. करंज्या-चकल्यांच्या ताटाशेजारी पन्ह्याचा पेला कोण ठेवील? पण वसुबारसेच्या आधी आठ दिवस घरोघर जे एक काम निघते, त्यातच माझ्या विषयाचे मूळ आहे. माळ्यावरची तांब्यापितळेची भांडी खाली येतात, चिंचेच्या कोळात मीठ घालून ती घासली जातात आणि वर्षभर काळवंडलेला हंडा घटकाभरात लखलखू लागतो. चिंचेचा आंबटपणा तांब्यावरचा काळा थर खाऊन टाकतो. आता हीच चिंच वैशाखात गुळाच्या पाण्यात कोळून आपण पितो. जी वस्तू तांब्याला अशी खाते, ती त्याच तांब्याच्या भांड्यात भरून ठेवली तर काय होईल? हा प्रश्न सगळ्याच घरांचा. पण आमच्या सोनगीरला तो जितका जवळचा, तितका क्वचितच दुसऱ्या एखाद्या गावाला असेल.

सोनगीर हे धुळ्याच्या उत्तरेला सुमारे वीस किलोमीटरवर, मुंबई-आग्रा रस्त्याला लागून वसलेले गाव. गावाच्या डोक्यावर किल्ला आहे. फारुकी सुलतान, मोगल, निजाम, पेशवे असे धनी त्याने पाहिले. पेशव्यांनी तो विंचूरकरांना दिला आणि १८१८ साली तो इंग्रजांकडे गेला. किल्ल्याचे बुरूज ढासळले, पण गावाचे नाव राहिले ते तांबटांच्या हातोडीमुळे. १९०८ सालच्या इंपीरियल गॅझेटियरमध्ये सोनगीरची नोंद लहानशीच आहे, पण तीतही येथल्या तांब्यापितळेच्या भांड्यांचा उल्लेख आल्यावाचून राहिला नाही. हंडा, कळशी, घंगाळ, पातेले, बंब ही लग्नाच्या रुखवतात मिरवणारी आणि धनत्रयोदशीला घेतली जाणारी भांडी सोनगीरची म्हटली की खानदेशी माणसाला अधिक काही सांगावे लागत नसे. पत्रा तापवायचा, ठोकायचा, पुन्हा तापवायचा; ठोकून ठोकून धातू कडक होतो म्हणून त्याला पुन्हा विस्तव दाखवावा लागतो. चैत्र-वैशाखात बाहेर त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांचे ऊन आणि आत भट्टी! अशा गावात तहान म्हणजे काय, ते पुस्तकातून शिकावे लागत नाही.

आणि तहान लागली की जीभ मागते आंबट. कैरी, चिंच, लिंबू, ताक. खानदेशच्या उन्हाळ्याची सगळी चव या चार शब्दांत आली. म्हणजे गाव घडवते तांबे आणि उन्हाळा मागतो आंबट. आणि या दोघांचे तर हाडवैर.

हे वैर आमच्या आजीला तोंडपाठ होते. तिच्या घरात भांड्यांची जात पाळली जाई, माणसांची पाळतात त्याहून कडक, आणि या जातीला निदान काही कारण तरी होते. पिण्याचे पाणी तांब्याच्या हंड्यात आणि माठात. ताक दगडीत किंवा चिनी मातीच्या बरणीत. पन्हे मातीच्या नव्या मडक्यात. पितळेच्या भांड्यात ताक दिसले की ती म्हणे, “ओता ते, कळकलं असेल.” कळकणे हा शब्द आता शहरातून जवळजवळ गेलाच. कलई उडालेल्या पितळेत आंबट पदार्थ राहिला की त्याला हिरवट छटा येते, तोंडात धातूची तुरट चव रेंगाळते आणि पोटात मळमळते, या साऱ्याला मिळून तो एक शब्द पुरे होता. तांब्याचे क्षार अन्नात उतरतात, हे त्यामागचे रसायन.

आजीने सुश्रुत वाचला नव्हता. पण सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात, अन्नपानाच्या अध्यायात, कोणता पदार्थ कोणत्या भांड्यात वाढावा याची जी यादी आहे ती मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला आमचे स्वयंपाकघरच आठवले. तूप लोखंडाच्या भांड्यात, तापवून गार केलेले दूध तांब्याच्या, ताकाच्या जातीचे आंबट पदार्थ दगडाच्या आणि पाणी व पानक मातीच्या! पानक म्हणजेच आपले पन्हे. शब्द थोडा झिजला एवढेच. वाग्भटानेही अष्टांगहृदयात ग्रीष्माची दिनचर्या सांगताना आंबटसर पानक नव्या मातीच्या भांड्यात ठेवून मातीच्याच पात्रातून प्यावे असे सांगितले आहे. दीड हजार वर्षांच्या आसपासचा हा उपदेश सोनगीरच्या चुलीपर्यंत पोथीतून आला नसेल. तो हातातून हातात आला, सासूकडून सुनेकडे.

मातीच्या भांड्याचा दुसरा गुण म्हणजे गारवा. माठातून पाणी पाझरते, त्याची वाफ होते आणि वाफ होताना ती आतल्या पाण्यातली उष्णता घेऊन जाते. हवा जितकी कोरडी, तितके हे काम झपाट्याने. म्हणून कोकणातल्या दमट हवेत माठ कसाबसा गार होतो आणि खानदेशात भर दुपारी त्यातले पाणी दाताला लागते. आमच्या रखरखाटाचा हा एकच फायदा. तो तरी पदरात पाडून घ्यावा. माठात वाळ्याची जुडी टाकली की पाण्याला वासही येतो. आखाजीला खानदेशात पितरांच्या नावाने जी घागर भरतात तीही मातीचीच असते. तांबटांच्या गावातही पितरांना गार पाणी द्यायचे ते कुंभाराच्या भांड्यातून, याची मला नेहमी गंमत वाटते.

आता पन्ह्याचे. गृहिणींना मी काय शिकवावे? पण तरुण वाचकांसाठी सांगते. कैऱ्या उकडून घ्याव्यात. चूल असेल तर राखेत भाजाव्यात, त्या धुरकट चवीला जोड नाही. गर काढून, एक वाटी गराला दीड ते दोन वाट्या किसलेला गूळ, चिमूटभर मीठ आणि वेलची घालून एकजीव करावा. हा गर निराळा ठेवावा आणि पिताना चमचा-दोन चमचे गार पाण्यात ढवळावा. चिंचेचे तर याहून सोपे: लिंबाएवढी चिंच तासभर भिजवून कोळावी, गाळावी, गूळ, मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड घालावी. उरलेला चोथा टाकू नये, देवाच्या तांब्यासाठी ठेवावा. ताकात आले, कोथिंबीर, जिरे, हिंग आणि मीठ घातले की मठ्ठा झाला. ज्वारीचे पीठ रात्री ताकात कालवून सकाळी पाणी घालून शिजवले की आंबील. ती प्यायली की शेतावरच्या माणसाची तहान आणि भूक एकदमच भागते.

या सगळ्यांत मीठ आहे आणि बहुतेकांत गूळ, हे लक्षात घ्या. घामावाटे पाण्याबरोबर मीठही जाते. नुसते पाणी ढोसून ते भरून येत नाही. साखर आतड्यात शोषली जाताना मीठ आणि पाणी आपल्याबरोबर ओढून नेते, हे शास्त्रज्ञांनी १९६० नंतर उलगडले. त्याच आधारावर १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत, बनगाव येथे, डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पाजून पटकीचे असंख्य रोगी वाचवले. पन्हे म्हणजे ते औषध नव्हे, त्याचे प्रमाण मोजूनमापून ठरवावे लागते. पण जात एकच.

मग सोनगीरच्या भांड्यांचे काय? ती नुसती पाण्याची धनी राहिली असती तर तांबटांचा निम्मा धंदा बुडाला असता. रोजच्या आमटीत चिंच असतेच की! तेथे मदतीला आली कलई. भांडे वाळूने घासून साफ करायचे, भात्याच्या विस्तवावर तापवायचे, नवसागराची पूड टाकायची. पांढरा धूर उठला की कथलाची कांडी आत टेकवायची आणि वितळलेला कथील कापसाच्या बोळ्याने सर्रकन फिरवायचा. कथील २३२ अंशांवर वितळते म्हणून हे दारातल्या चार निखाऱ्यांवर जमते. काळवंडलेले पातेले आतून चांदीसारखे निघते, आणि मग त्यात निर्धास्त आमटी करा, ताक ठेवा. पण हे कथील काही खानदेशात पिकत नाही. ते मलायाकडून समुद्रमार्गे यायचे. कलई हा शब्दच अरबी आहे आणि तिकडच्या कलह नावाच्या जुन्या बंदराशी अनेक अभ्यासक त्याचे नाते जोडतात. सोनगीरच्या घरात ताक कळकू नये म्हणून केवढा हा प्रवास!

गारव्यासाठी माणसांनी केलेले प्रवासही कमी नाहीत. अबुल फजल खानदेशच्या मोहिमेत, १६०१ साली असीरगड पडला तेव्हा, याच मुलखात होता. त्याच्या ऐने-अकबरीत सोऱ्याने पाणी गार करण्याची कृती दिली आहे: शेरभर पाणी जस्ताच्या किंवा चांदीच्या सुरईत बंद करून, अडीच शेर सोरा घातलेल्या पाच शेर पाण्यात ती सुरई पाव तास फिरवायची. येथे मात्र भांडे धातूचेच हवे, कारण धातूतून उष्णता चटकन बाहेर पडते. पुढे १८३३ साली फ्रेडरिक ट्यूडर या अमेरिकन व्यापाऱ्याने बॉस्टनहून कलकत्त्याला जहाजभर बर्फ पाठवला. निघाला तेव्हा १८० टन, पोचला तेव्हा सुमारे १००. त्यानंतर मुंबईकरांनाही अमेरिकेचा बर्फ मिळू लागला. राजाला सोरा, सावकाराला बर्फ. आम्हाला माठ होता, आणि माझ्या मते तोच तिघांत शहाणा.

पन्ह्या-ताकाला खरा धक्का बर्फाने दिला नाही, तो चहाने दिला. आग्रा रस्त्यावरून उन्हातून आलेल्या पाहुण्यापुढे पूर्वी गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या येई. त्या तांब्याची जागा कपबशीने घेतली; बाहेर वणवा पेटलेला असताना आम्ही पाहुण्याला उकळते पाणी पाजू लागलो आणि त्याला पाहुणचार म्हणू लागलो.

भांड्यांचा धक्का निराळा. शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्ली याने १९१३ साली न गंजणारे पोलाद तयार केले. त्याच्या भांड्यांनी आपल्याकडे घर केले ते बऱ्याच उशिरा, पण एकदा आली ती आलीच. त्याला चिंच चालते, ताक चालते, लिंबू चालते, कलई लागत नाही. गृहिणीच्या दृष्टीने हा सुखाचा व्यवहार होता आणि त्याबद्दल मी कुरकुर करणार नाही. पितळेचे जड पातेले उचलून मनगटे भरून आलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. पण त्याच व्यवहारात कल्हईवाल्याची दारावरची आरोळी थांबली आणि तांबटाच्या हातोडीचे काम आटत गेले. वर्षाकाठी दोनदा कलई लावून घेण्याचा खर्च गेला, तसे त्यावर जगणारे घरही गेले.

आता पुन्हा तांब्याला दिवस आले आहेत. शहरातली सुशिक्षित मंडळी तांब्याच्या बाटल्या घेऊन हिंडतात आणि सोनगीरची भांडी पुन्हा कौतुकाने विकत घेतात, याचा मला आनंदच आहे. परंतु त्याच बाटलीत सकाळी लिंबू पिळून, मध घालून, दिवसभर घोट घोट पिणारेही मला भेटले आहेत. आजी असती तर तिने बाटली हातातून काढूनच घेतली असती. या धनत्रयोदशीला तांब्याचे भांडे घेणार असाल तर जरूर घ्या, हाताने ठोकलेले घ्या, त्याच्या अंगावर हातोडीचे ठसे दिसतात. त्यात पाणी ठेवा, नुसते पाणी. पुढच्या चैत्रात लिंबू पिळाल ते काचेत, आणि पन्हे कराल ते कुंभाराकडून आणलेल्या कोऱ्या मडक्यात, आधी रात्रभर पाणी भरून ठेवून मातीचा वास घालवून.